केरमिसच्या दिवशी दार बंद नसतं

"विस्कॉन्सिनला कोण जातं?" असं मला या सप्टेंबरात ज्याने त्याने विचारलं. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधली आमच्यासारखी माणसं फार तर पोकोनोजच्या डोंगरांत जातात, नाहीतर आयसेलिनला जाऊन चाट खातात, साड्यांची दुकानं पालथी घालतात आणि त्यालाच आउटिंग म्हणतात. विस्कॉन्सिन म्हणजे चीज आणि थंडी, एवढीच सगळ्यांची माहिती. माझीही तेवढीच होती. मी गेले ते शेजारणीसाठी.

शेजारीण म्हणजे आर्लीन. वय सत्तरीच्या पुढे, एका प्रयोगशाळेत केमिस्ट होती, आता रिटायर्ड आणि एकटी. आम्ही हे घर घेतलं तेव्हा कुंपणावरून पहिली चौकशी तिनेच केली. माझी मुलगी इरा शाळेतून परत यायची तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसात असायचो, त्यामुळे इरा दुपारी आर्लीनच्या किचनमध्ये बसून होमवर्क करायची. तिला मी 'मावशी' म्हणायला शिकवलं. आर्लीनने ते इतकं मनावर घेतलं की इराच्या वाढदिवसाच्या कार्डावर आजही ती इंग्रजी अक्षरांत 'मावशी' अशीच सही करते.

गेल्या दोन वर्षांत आर्लीनची नजर गेली. पूर्ण नाही. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो आणि कडेचं तेवढं कळतं. माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. गाडी चालवणं बंद झालं, वाचन बंद झालं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिच्या पोर्चवर बसलो होतो, तर ती एकदम म्हणाली, "माझ्या गावचं चर्च या हिवाळ्यात बंद होणार आहे. म्हणजे या वर्षीची केरमिस शेवटची."

केरमिस हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. विस्कॉन्सिनच्या ईशान्येला, ग्रीन बेच्या पुढे, तळ्यात घुसलेली जमिनीची एक जीभ आहे. तिथे फार पूर्वी बेल्जियममधून शेतकरी येऊन राहिले. सुगी संपत आली की तिथली एकेक चर्च एकेका रविवारी आपला सण करते, ती केरमिस. त्या दिवशी गावातल्या घरांची दारं उघडी. आमंत्रण कुणालाच नसतं. जो येईल तो जेवून जाईल.

मला हे ऐकून हसूच आलं. मिरजेपासून तासाभरावर माझं माहेर, तिथला उरूस याहून वेगळा काय असतो? उरसाला कुणी बोलवत नाही. बोलावणं आलं तर उलट माणसं रुसतात की आम्हाला काय परकं समजलात. घरोघरी मटण शिजतं, पै-पाहुणे येतात, पाहुण्यांचे पाहुणे येतात, आणि किती पंगती उठल्या यावर घराची इभ्रत ठरते. बांधावरून वर्षभर कोर्टात भांडणारे माझे दोन चुलते उरसाच्या दिवशी मात्र एकमेकांकडे जेवायचे. मी हे आर्लीनला सांगितलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मग तुला कळेल. मला नॉर्बर्टकडे जायचंय."

नॉर्बर्ट तिचा धाकटा भाऊ. गावची शेती आणि गाई त्याच्याकडे. बारा वर्षांपूर्वी त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं तोच करत होता. आर्लीन न्यू जर्सीहून गेली, घराची दशा पाहिली, आणि परतायच्या आत आईला ग्रीन बेच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवून आली. कागदांवर सही करायचा हक्क आईने थोरल्या लेकीला दिलेला होता. आईला मरायचं होतं ते घरी. ती त्याच हिवाळ्यात नर्सिंग होममध्येच वारली. अंत्यविधीनंतर नॉर्बर्ट बहिणीशी एक शब्द बोलला नाही. फोन उचलला नाही. एकदा ती दारापर्यंत जाऊन आली, तर आत दिवा असूनही दार उघडलं नाही.

"पण केरमिसच्या दिवशी तो कुणालाच परत पाठवू शकत नाही," आर्लीन म्हणाली. "मी आत गेले, बसले, की बोलेल."

मी श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "मीनल, हे त्यांचं फॅमिली मॅटर आहे यार. निदान फोन करून विचार तरी. असं कुणाच्या घरी ड्रॉप इन करतात का इथे?"

"फोन केला तर तो नाही म्हणेल."

"एक्झॅक्टली."

त्याचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कुठेतरी कळत होतं. पण मी उरसाच्या गावची. फोन करणं म्हणजे परवानगी मागणं, आणि सणाच्या दिवसाला परवानगी कसली, असंच मला वाटत होतं. मीच तिकिटं काढली.

तर आता कामाची माहिती. नेवार्कहून मिलवॉकीला थेट विमान आहे, दोन-सव्वादोन तासांचं. ग्रीन बेपर्यंतचं तिकीट बरंच महाग पडतं आणि वाटेत विमान बदलावं लागतं, त्यामुळे मिलवॉकीला उतरून गाडी भाड्याने घ्या. तीन दिवसांच्या गाडीला आम्हाला दोनशे डॉलरच्या आसपास पडले. विस्कॉन्सिनमध्ये रस्त्यांना टोल नाही, ही गोष्ट न्यू जर्सीच्या माणसाला पहिल्या दिवशी खोटीच वाटते. सप्टेंबरअखेर गेलात तर जॅकेट न्या. दुपारी ऊन असतं आणि चार वाजले की तळ्यावरून असा वारा सुटतो की दात वाजतात.

शुक्रवारचा मुक्काम इराकडे होता. ती मिलवॉकीच्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. तिने आम्हाला फ्रोझन कस्टर्ड खायला नेलं. आइस्क्रीमचाच हा जास्त अंडी घातलेला चुलत भाऊ, मिलवॉकीला गेलात तर चुकवू नका. आर्लीनने चमचा तोंडात घालून डोळे मिटले. मग हात धुवायला गेली, तेव्हा इराने मला गाठलं.

"आई, धिस इज सो ऑकवर्ड. यू डिडन्ट इव्हन टेक्स्ट हिम?"

"केरमिसला टेक्स्ट करत नाहीत."

"ओके, पण व्हॉट इफ तो डोअरच उघडत नाही? मावशी कान्ट टेक दॅट अगेन. यू नो दॅट, राइट?"

मी म्हटलं, उघडेल. इराने डॉक्टरांसारखं माझ्याकडे पाहिलं आणि उरलेलं कस्टर्ड संपवलं. तिची रूममेट मेक्सिकन आहे. तिच्याकडून कळलं की तिकडेही केरमिस हाच शब्द आहे, थोडा वेगळा उच्चारलेला, पण अर्थ शाळेतली आनंदजत्रा. चर्चचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही. मुलं स्टॉल लावतात, आया केक विकतात, झालं.

शनिवारी सकाळी उत्तरेकडे निघालो. इंटरस्टेटने ग्रीन बेपर्यंत दोन तास, आणि तो रस्ता कंटाळवाणा आहे, उगाच कशाला खोटं सांगू. वाटेत एका पेट्रोलपंपावर ताज्या चीजचे तुकडे मिळाले, दातांखाली रबरासारखे कुरकुर वाजणारे. आर्लीन म्हणाली, वाजले नाहीत तर शिळे समजायचे. ग्रीन बे ओलांडून द्वीपकल्पाचा रस्ता धरला की मात्र गाडी हळू चालवा. मक्याची वाळून करडी झालेली शेतं, पिवळं पडलेलं सोयाबीन, लाल विटांची चौकोनी घरं. काही घरांच्या मागे पाठीला पोक आल्यासारखा दगडी फुगवटा दिसतो, ती पाव भाजायची जुनी भट्टी. आणि रस्त्याच्या कडेला देवळ्या! मी गाडीच थांबवली. आपल्याकडे बांधावर म्हसोबाची असते तेवढीच लाकडी खोली. आत मेरीची मूर्ती, प्लास्टिकची फुलं, वितळलेल्या मेणबत्त्या आणि मेलेल्या माश्या. मूल वाचलं, आगीतून घर वाचलं, की लोक नवस फेडायला अशी देवळी बांधायचे. कुलूप नव्हतं. आर्लीन आत जाऊन हाताने भिंत चाचपत उभी राहिली.

"कुणी झाडत नाही वाटतं," ती म्हणाली. तिला धूळ दिसत नव्हती, बोटांना लागली होती.

गाडीत मी तिला विचारलं की केरमिस म्हणजे नेमकं काय. ती शाळेतल्यासारखी सरळ बसली. जुन्या भाषेत केर्क म्हणजे चर्च आणि मिस म्हणजे मिस्सा, चर्चमधली उपासना. ज्या दिवशी चर्चची वास्तू देवाला अर्पण केली, त्या दिवसाची दर वर्षीची मिस्सा ती केरमिस. म्हणजे आपल्या भाषेत वास्तुशांतीचा वाढदिवस म्हणा. तो सुगीच्या सुमाराला आला आणि धान्याचा सण झाला. तिची आजी 'आमची केरमिस आली' म्हणायची, तेव्हा तिला म्हणायचं असायचं की पाहुणे आले. तिच्या बापासाठी केरमिस म्हणजे आठवडाभर बियर. तरुणांसाठी नाच आणि नाचानंतरची मारामारी.

मग मीही तिला आमच्या उरसाचं सांगितलं. मुळात अरबीत उरूस म्हणजे लग्न, असं आमच्या शाळेतले मुजावर सर सांगायचे. पीर गेला तो दिवस म्हणजे त्याचं देवाशी लग्न लागलं. गावात विचाराल तर उरूस म्हणजे मटण, पाळणा आणि कुस्त्या. लग्न कुणाच्या ध्यानीमनी नसतं. आर्लीन हसली. त्या अख्ख्या प्रवासातलं हे तिचं शेवटचं मोकळं हसणं.

मोटेल हायवेवरच होतं, साधं आणि स्वच्छ, शंभरच्या आत. काउंटरवरच्या बाईने आर्लीनचं नाव वाचून तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नॉर्बर्टची बहीण ना?" आर्लीन हो म्हणाली. बाईने किल्ली दिली. एवढ्याशा गावात आता बातमी पोचणार, हे आम्हा दोघींनाही कळलं.

रविवारी आभाळ भरून आलं होतं. चर्च विटांचं, उंच, आणि आत निम्मी बाकं रिकामी. पुढे पांढऱ्या केसांची माणसं, मागे कुणाकुणाची नातवंडं फोन बघत बसलेली. मी हिंदू, चर्चमध्ये कधी उठायचं नि कधी बसायचं ते मला समजत नाही, म्हणून आर्लीनकडे बघून करत होते, आणि आर्लीन कडेने माझी सावली बघून करत होती. शेवटी पाद्रींनी चष्मा काढून सांगितलं की डिसेंबरपासून इथे मिस्सा होणार नाही, इथल्या माणसांनी शेजारच्या गावी यायचं आहे. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तरी पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "केरमिसचं काय?" पाद्री म्हणाले, "बघू या." तो 'बघू या' जगात सगळीकडे सारखाच असतो.

नॉर्बर्ट आला होता. आर्लीनला दिसला नाही. मीच तिला हळूच सांगितलं की उजवीकडे, खांबाच्या पलीकडे, तपकिरी कोटातला तो असावा, कारण त्याचं कपाळ हुबेहूब तिच्यासारखं आहे. तिने मान त्या बाजूला वळवली आणि मिस्सा संपेपर्यंत तशीच ठेवली.

मिस्सा संपली की बँड पुढे आणि लोक मागे, असे चर्चपासून हॉलपर्यंत नाचत जातात. याला तिकडे धुळीचा नाच म्हणतात, कारण पूर्वी रस्ता मातीचा होता आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी धूळ उठायची. आता डांबरी रस्ता आहे. चार वादक, त्यात एकाच्या गळ्यात ट्युबा हे भलंमोठं पितळी वाद्य, दोन-तीन म्हाताऱ्या जोड्या, आणि बाकीचे आपापल्या गाड्यांकडे निघालेले. आर्लीनने माझा दंड धरून चार पावलं टाकली. "धूळच नाही," ती म्हणाली आणि थांबली.

हॉलच्या दारावरच्या फलकावर केरमिस हा शब्द बारीक होता आणि त्याखाली 'छपरासाठी निधी' मोठ्या अक्षरांत होतं. बंद होणाऱ्या चर्चच्या छपरासाठी निधी का, ते मी विचारलं नाही. फलक बहुधा गेल्या वर्षीचा असावा. आत बूया मिळते. कोंबडी, बीफ, बटाटे, गाजरं पहाटेपासून भल्यामोठ्या पातेल्यात वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने ढवळून केलेला दाट रस्सा. वाटीला सात-आठ डॉलर. शाकाहारी असाल तर पाय म्हणतात त्या फळांच्या गोड भाजणीवर दिवस काढायची तयारी ठेवा, पण ते पाय उत्तम असतात, विशेषतः सुक्या आलुबुखाराचा, वर गोड चीजचा थर दिलेला. आर्लीनने काही खाल्लं नाही. तिला भूक राखायची होती.

दीडच्या सुमाराला आम्ही नॉर्बर्टच्या घरी गेलो. पूर्वी त्या रस्त्यावर प्रत्येक घरापुढे गाड्यांची रांग लागायची म्हणे. आता फक्त त्याच्या अंगणात दोन पिकअप उभे होते. बाकीची घरं बंद, माणसं हॉलमध्ये कुपनं घेऊन जेवत होती. मी आर्लीनला तीन पायऱ्या चढवल्या. दार उघडंच होतं, फक्त जाळीचं लावलेलं. तिने त्यावर टकटक केलं. स्वतःच्या माहेरच्या दारावर टकटक करताना मी तिला पाहत होते, आणि पहिल्यांदा मला भीती वाटली.

नॉर्बर्ट आला. उंच माणूस, हातात पुसायचं फडकं. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग जाळीचं दार बाहेर ढकलून म्हणाला, "या. जेवण तयार आहे."

आर्लीनच्या हाताची पकड एकदम ढिली पडली. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं.

टेबल मोठं, वीसेक माणसांचं, दोन टेबलं जोडून वर एकच पांढरी चादर घातलेली. बसलेले चार. त्याची बायको कॅरल, एक शेजारी जोडपं आणि गाईंचा डॉक्टर. बाकीची ताटं पालथी. कॅरलने आर्लीनला पाहून तोंडावर हात नेला, उठली, आणि नवऱ्याकडे बघून परत बसली. नॉर्बर्टने आम्हाला खुर्च्या दिल्या. शेजारीशेजारी, टेबलाच्या मधल्या भागात, जिथे पाहुण्यांना बसवतात.

"कुठून आलात?" त्याने विचारलं.

मला वाटलं, मला विचारतोय. पण तो आमच्या दोघींच्या मधोमध बघत होता. आर्लीन म्हणाली, "न्यू जर्सीहून, नॉर्बर्ट."

"लांब आहे."

"हो."

"रस्ता कसा होता?"

"बरा होता."

"बरं झालं," तो म्हणाला आणि तिच्या ताटात कोंबडी वाढली.

असं ते जेवण चाललं. त्याने कशात काही कमी केलं नाही. कोबी घातलेली डुकराच्या मांसाची सॉसेजेस, लोण्यात शिजवलेला कोबी, बटाटे, पाव. पाण्याचा ग्लास रिकामा झाला की भरायचा. हवा, मक्याचा भाव, ग्रीन बेची फुटबॉल टीम, सगळ्याबद्दल बोलला. पण आर्लीनचं नाव त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. ती म्हणाली, "हा पाव आईच्यासारखाच झालाय." तो म्हणाला, "कॅरलने केलाय. आवडला ना, छान." गाईंच्या डॉक्टरला काहीच ठाऊक नसावं, त्याने आर्लीनला विचारलं की तुम्ही या भागात पहिल्यांदाच का. आर्लीन म्हणाली, "नाही. इथेच जन्मले मी." डॉक्टर ताटात बघायला लागला. नॉर्बर्टने पावाची टोपली पुढे केली.

मला उठून ओरडावंसं वाटत होतं. दार लावून घेतलं असतं तर आम्ही भांडलो असतो, रडलो असतो, निदान ती भाऊ-बहिणींची भांडणं झाली असती. याने तिला पोटभर जेवू घातलं, आणि त्या टेबलावर ती माझ्याइतकीच परकी होती. माझे चुलते उरसाला एकमेकांकडे जेवायचे त्याचं मला केवढं कौतुक होतं! ते जेवताना एकमेकांशी काय बोलायचे हे मी लहानपणी कधी बघितलंच नव्हतं. बहुधा पावसापाण्याचंच बोलत असतील.

जेवण संपत आलं तेव्हा नॉर्बर्ट बटाट्यांचं भांडं घेऊन पुन्हा फिरला. पहिल्यांदा त्याने सगळ्यांनाच वाढलं होतं. या खेपेला तो माझ्या खुर्चीपाशी थांबला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "आणखी घ्या ना थोडे?" मी नको म्हणणार इतक्यात शेजारून आर्लीनने आपलं ताट वर उचललं. "हो, दे," ती म्हणाली. आवाज ऐकून तिला वाटलं होतं की तिलाच विचारलं. नॉर्बर्ट क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने तिच्या ताटात एक मोठा चमचा बटाटे घातले आणि आत निघून गेला. तिने ते सगळे संपवले.

निघताना तो आम्हाला दारापर्यंत सोडायला आला, पाहुण्यांना सोडतात तसा. आर्लीनने पायरीवर थांबून मान थोडी तिरकी केली. समोरच्या माणसाला कडेच्या नजरेत पकडायचं असलं की ती तसं करते. म्हणाली, "नॉर्बर्ट, उद्या आमचं विमान संध्याकाळचं आहे. सकाळी कॉफीला येऊन जाऊ का?"

त्याने फडक्याला हात पुसले. "उद्या केरमिस नाही," तो म्हणाला, आणि जाळीचं दार हळूच लावून घेतलं.

कॅरल मागच्या दाराने आमच्या गाडीपाशी आली. तिचे डोळे लाल होते. तिने आर्लीनला मिठी मारली आणि माझ्याशी बोलली. "काल मोटेलवरून फोन आला होता. मी त्याला विचारलं, ती आली तर काय करशील. म्हणाला, केरमिस आहे, जो येईल त्याला जेवायला घालीन." मग ती आत गेली. पुढच्या वर्षी केरमिस असेल की नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

परतीचं फार लिहिण्यासारखं नाही. सोमवारी पाऊस लागला, मिलवॉकीपर्यंत वायपर थांबले नाहीत. तुम्ही गेलात तर एक रात्र जास्त ठेवा आणि द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जा, तिथे दीपगृहं आहेत, सफरचंदांच्या बागा आहेत, फोटो सुंदर येतात असं ऐकते. आम्ही गेलो नाही. इरा विमानतळावर भेटायला आली होती, तिने मावशीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता तिची बॅग घेतली. घरी आल्यावर श्रीकांतने चहा केला. "मी म्हटलं होतं" असं तो म्हणाला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

मी बऱ्याच दिवसांपासून विचार करतेय की आम्ही जाऊन काय मिळवलं. रीत पाळणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या वयात, इतक्या लांब जाऊन, दुसऱ्याच्या टेबलावर कळलं. नॉर्बर्टला मी दुष्ट म्हणू शकत नाही. बारा वर्षं त्याने राग सांभाळला आणि सणही सांभाळला, दोन्ही तितक्याच निष्ठेने. आर्लीनला वाटत होतं की सण रागापेक्षा मोठा असेल. मलाही वाटत होतं. आम्ही दोघींनी मिळून ती चूक केली. फरक इतकाच, की माझी चूक विमानाच्या तिकिटावर भागली.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती इराशी फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता.

"त्याने मला दुसऱ्यांदा विचारलं, इरा," आर्लीन सांगत होती. "पहिल्यांदा सगळ्यांनाच वाढतात. पण दुसऱ्यांदा तो माझ्यापाशी येऊन थांबला. आणखी घे म्हणाला. मला बटाटे किती आवडतात ते त्याला ठाऊक आहे. लहानपणी तो त्याच्या ताटातले मला द्यायचा." मग माझी चाहूल लागून तिने मान तिरकी केली. "मीनल, तू शेजारीच होतीस. माझ्याकडे बघून विचारलं ना त्याने?"

"हो," मी म्हटलं. "तुझ्याकडेच बघून."

"बघ," ती फोनमध्ये म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

आर्लीनला मराठी येत नाही, म्हणून इथे खरं लिहिलंय. इराला मात्र अक्षर अक्षर जुळवत मराठी वाचता येतं. इरा, वाचलंस तर मावशीला सांगू नकोस.